उंच हॅचबॅक हायवेवर स्थिर करताना: बुश, अलाइनमेंट, टायर आणि हवा (रत्नागिरी–कुडाळ, वापरानंतरचा अनुभव)

गाडी छोटी, उंच ठेवणीची हॅचबॅक. लिटरभराचं पेट्रोल इंजिन, मूळ टायर १५५/८० आर १३ (रुंदी १५५ मि.मी., कडेची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १३ इंची). मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या उंचीच्या आणि वजनाच्या बहुतेक गाड्यांचा स्वभाव सारखाच असतो. राहते रत्नागिरीत, माहेर कुडाळजवळ, आणि जाणं-येणं बहुतेक वेळा मीच गाडी चालवत करते. गेल्या गणपतीनंतर कामं करून घेतली. त्यानंतर आंब्याचा हंगाम गेला, वळवाचे पाऊस गेले आणि आता भर आषाढातही गाडी चालवून झाली. त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

तक्रार एकच होती. साठ-पासष्टपर्यंत गाडी गुणाची. ऐंशीच्या पुढे गेली की सरळ रस्त्यावरसुद्धा स्टेअरिंग सारखं सावरावं लागायचं. जुन्या दुपदरी मुंबई–गोवा महामार्गावर (तेव्हाचा एनएच १७) हे कधी जाणवलं नसतं, कारण तिथे वळणं आणि ट्रक वेग वाढूच देत नसत. आता तोच रस्ता, म्हणजे एनएच ६६, राजापूरपासून झारापपर्यंत चौपदरी काँक्रीटचा झालाय आणि पाय आपोआप खाली जातो. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारची कमाल मर्यादा ताशी १०० कि.मी. ठेवली होती. फलकावर कमी लिहिलं असेल तिथे अर्थात फलक पाळायचा. मी ऐंशी ते नव्वदमध्येच असते. पण त्या वेगालाही दोन तासांत खांदे भरून यायचे. राजापूरचा अर्जुना नदीवरचा उंच पूल आला की बाजूचा वारा गाडीला अर्धा हात सरकवायचा. समोरून किंवा शेजारून लक्झरी बस गेली की आधी बाहेर ढकलल्यासारखं आणि मग आत ओढल्यासारखं व्हायचं.

माझा पहिला विचार सगळ्यांसारखाच होता: टायर रुंद घालू. कुडाळच्या मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली आणि म्हणाले, "ताई, आदी ढिलाई काडूया, मगे टायर घेवा." मला जर कुणी या सगळ्यातली एकच गोष्ट सांगायला सांगितली तर मी हीच सांगेन. पुढचं सगळं याच क्रमाने घडलं आणि फायदाही याच क्रमाने झाला.

ढिलाई बघायची रीत घरीही करता येते, फक्त जॅकबरोबर स्टँड लावायला विसरू नका. पुढचं चाक उचलून घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवायचं. तिथे खटखट जाणवली तर बहुधा टायरॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) गेलेला असतो. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं आणि चाक डुललं तर बॉल जॉइंट (चाक आणि खालचा आर्म जोडणारा गोल सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग. माझ्या गाडीत डाव्या बाजूचा टायरॉड एंड ढिला निघाला आणि दोन्ही लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) मागचे रबरी बुश (त्या जोडातले रबराचे तुकडे) चिरलेले होते. बुश चिरला की ब्रेक मारताना किंवा वाऱ्याचा धक्का बसताना आर्म थोडा मागे-पुढे सरकतो, म्हणजे चाकाची दिशाच क्षणभर बदलते. आपण स्टेअरिंग हलवलेलंच नसतं, तरी गाडी वळते. मग आपण सावरतो, तोवर आर्म जागेवर आलेला असतो, आणि आपलं सावरणंच जास्त होतं. "गाडी लहरते" असं आपण म्हणतो त्यातलं निम्मं हे असतं.

किनाऱ्यावरच्या गाड्यांना हा त्रास लवकर होतो असं माझं निरीक्षण आहे. खारा वारा खालच्या लोखंडाला खातो आणि पावसाळ्यात तांबडी माती सांध्यांत जाऊन बसते. माझ्या गाडीच्या टायरॉडचं लॉकनट इतकं गंजलं होतं की तापवल्याशिवाय सुटलं नाही. हे महत्त्वाचं अशासाठी, की अलाइनमेंट करताना, म्हणजे चाकांचे कोन जुळवताना, तेच नट सोडवून टायरॉड फिरवावा लागतो. नट अडकलेलं असेल आणि माणूस घाईत असेल तर एकाच बाजूने काम भागवलं जातं, मशीनवर आकडे हिरवे दिसतात आणि गाडी सरळ चालताना स्टेअरिंग वाकडं राहतं. आधी दुसऱ्या एका ठिकाणी अलाइनमेंट केली होती तेव्हा माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं. शिवाय सांध्यात ढिलाई असताना केलेल्या अलाइनमेंटला अर्थच नसतो. उभ्या गाडीवर मोजलेला आकडा चालत्या गाडीत टिकत नाही.

बुश आणि टायरॉड एंड बदलल्यावर मग अलाइनमेंट. या गाडीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग बसवलेला उभा खांब) आहे आणि मागे सलग बीम (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा), त्यामुळे प्रत्यक्षात बदलता येतो तो पुढचा टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं आत वळलेली की बाहेर ते. कॅम्बर (चाकाचा समोरून दिसणारा कल) आणि कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा बाजूने दिसणारा कल) मशीन दाखवतं, पण ते बदलायची सोय नाही. ते दोन आकडे मर्यादेबाहेर असतील तर समजायचं की काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय, आणि ते शोधायला लावायचं. पुढची चाकं किंचित बाहेर फाकलेली असतील, म्हणजे टो-आउट असेल, तर गाडी वळायला तयारच बसलेली असते आणि हायवेवर चंचल होते. माझी तशीच होती. ती कंपनीच्या मर्यादेत किंचित आत घेतली. छापील निकालाचा कागद मागून घ्या, आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे असलेला.

परतीच्या वाटेवर जुन्याच टायरवर फरक कळला. कसालच्या आसपास वेग नव्वदला नेला आणि स्टेअरिंग पहिल्यांदा नुसतं धरून ठेवता आलं. गाडी अजूनही हळूहळू डावीकडे जात होती, पण तो दोष गाडीचा नव्हता. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला डावीकडे उतार दिलेला असतो. गाडी खरंच ओढते का हे बघायचं असेल तर शक्य तितका सपाट रस्ता शोधावा, नाहीतर चांगल्या अलाइनमेंटवर उगाच पुन्हा पैसे जातात.

हवेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण फुकटात एवढा फरक पाडणारी दुसरी गोष्ट नाही. माझ्या गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर हवेचा दाब ३३ पीएसआय आहे. पेट्रोल पंपावर मात्र न विचारता तीस भरतात, आणि पावसाळा लागला की ओळखीतला कुणीतरी "अठ्ठावीस ठेवा, पकड वाढते" असं सांगतो. हे उलटं आहे. पाणी साचलेल्या रस्त्यावर हवा कमी असेल तर टायरचा मधला भाग पाण्यावर लवकर उचलला जातो, म्हणजे गाडी पाण्यावर तरंगण्याचा वेग खाली येतो. उंच बाजू असलेल्या टायरमध्ये हवा कमी असली की कडा लचकतात आणि स्टेअरिंगला गाडी उशिरा उत्तर देते, ते वेगळंच. मी स्वतःचं मोजमापाचं छोटं यंत्र घेतलंय आणि सकाळी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजते. चार माणसं आणि सामान असेल तर स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी जो आकडा दिलाय तो मागच्या चाकांत भरते. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजनने दाब थोडा सावकाश उतरतो एवढंच, गाडी त्याने जास्त सरळ चालत नाही.

मग टायर. जुने तसेही झिजत आले होते आणि त्यांच्या कडेवरचे चार आकडे (आठवडा आणि वर्ष) बघता रबरही कडक झालं होतं. याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी १६५/७० आर १४ देते, म्हणून तोच आकार घेतला, रिमसकट. त्यापलीकडे जायची इच्छा नव्हती. मूळ टायरचा व्यास साधारण ५७८ मि.मी., नव्याचा ५८७, म्हणजे फरक दीड टक्का. काट्यावर १०० दिसत असताना खरा वेग पूर्वीपेक्षा ताशी दीड कि.मी. जास्त. रुंदी १० मि.मी. वाढली आणि कडेची उंची १२४ वरून ११५ च्या आसपास आली. मध्ये लचकणारं रबर कमी झालं, त्यामुळे लेन बदलताना गाडी आधी झुकून मग जाते ती सवय बरीच कमी झाली. भार निर्देशांक मूळपेक्षा कमी नसावा हे जरूर बघा. मूळ टायरवर ७९ होता, म्हणजे एका टायरला ४३७ किलो. नव्यावर ८१, म्हणजे ४६२ किलो. कंपनी देत नाही असा आकार घालायचा असेल तर आधी विमा कंपनीला विचारा.

कोरड्या रस्त्यावरचा टायरचा फायदा मी मध्यम म्हणेन. खरा फायदा पावसात दिसला. खारेपाटणच्या पुढे उतारावर पाणी आडवं वाहतं, तिथे पूर्वी स्टेअरिंग एकदम हलकं व्हायचं आणि पोटात गोळा यायचा. आता त्याच जागी सत्तरला गाडी धरून राहते. यात रुंदीपेक्षा नव्या खाचांचा वाटा मोठा आहे, किंबहुना रुंद टायर झिजला तर पाण्यावर लवकरच तरंगेल. कायद्याने किमान खोली १.६ मि.मी. आहे, पण कोकणातल्या पावसासाठी मी तीनवरच टायर काढीन. आणि पुढे कधी दोनच टायर बदलायची वेळ आली तर नवे मागे घालायचे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत लोक हमखास नवे पुढे घालतात. पण पुढचे टायर घसरले तर ते हाताला कळतं आणि वेग कमी करता येतो. मागचे घसरले तर गाडी फिरते, आणि ती सावरणं साध्या चालकाच्या हातात राहत नाही.

तोटेही आहेत. काँक्रीटच्या सांध्यांवर आणि पुलांच्या जोडांवर धक्का पूर्वीपेक्षा टोकदार लागतो. रत्नागिरीच्या बाजारात पार्किंग करताना स्टेअरिंग किंचित जड वाटतं. पेट्रोल थोडं जास्त जातं असं वाटतं, पण आंब्याच्या दिवसांत गाडी भरलेलीच असते, म्हणून खात्रीने सांगणार नाही.

आंब्यावरून सामानाचं आलं. हापूसच्या पेट्या मागे रचल्या की गाडीचं नाक हलकं होतं आणि सगळी मेहनत वाया जाते. मागची सीट आडवी करून पेट्या शक्य तितक्या पुढे, खाली आणि पट्ट्याने बांधून ठेवायच्या. सीटच्या पाठीपेक्षा उंच रचायच्या नाहीत. छतावरचं कॅरिअर मी कायमचं काढून टाकलं. गणपतीला मुंबईहून येणाऱ्या छोट्या गाड्यांच्या छतावर जेवढं सामान दिसतं ते बघून मला खरोखर काळजी वाटते. उंच गाडीवर आणखी उंचीला वजन आणि वर वाऱ्याला अडवणारं धूड. लहान मुलं असतात हो त्या गाड्यांत.

स्प्रिंगमध्ये रबरी बफर घाला असंही पुष्कळांनी सुचवलं. मावसभावाच्या गाडीत आहेत. गाडी उचलली जाते, खड्ड्यात खाली घासत नाही, हे खरं. पण उंची वाढली की डुलणं वाढायचंच, आणि स्प्रिंग कडक करून शॉकअप (हेलकावे शमवणारे) तेच ठेवले तर धक्क्यानंतर गाडी लवकर स्थिरावत नाही. मी नकार दिला. गाडी खाली करणाऱ्या स्प्रिंगही आमच्या वाडीच्या जांभ्याच्या वाटेवर आणि साकवावर (ओढ्यावरच्या छोट्या पुलावर) दोन दिवस टिकणार नाहीत.

बॅलन्सिंगबद्दल (चाकाचं वजन सगळीकडे सारखं ठेवण्याबद्दल) एकच सांगते, कारण ते इथलं खास आहे. नवे टायर घालून महिनाभरात पाऊस लागला आणि पंच्याऐंशीला स्टेअरिंग थरथरायला लागलं. नव्वदच्या पुढे थरथर कमी व्हायची. ठरावीक वेगालाच येणारी थरथर म्हणजे बहुधा बॅलन्सिंग. रिमच्या आतल्या बाजूला तांबडी माती वाळून चिकटली होती. पाइपने आतून धुतल्यावर थरथर गेली, पैसे खर्च झाले नाहीत. तेव्हापासून पावसाळ्यात गावाहून आलं की चाकं आतून धुते आणि त्याच पाण्यात खालचा सगळा भागही धुऊन घेते.

वाऱ्याचं मात्र पूर्ण समाधान नाही आणि ते होणारही नाही. उंच, हलकी गाडी आहे. पावस ते पूर्णगड रस्त्यावर सड्यावर (उघड्या कातळपठारावर) आलं की झाड नाही, आडोसा नाही, आणि समुद्रावरून थेट वारा. तिथे मी साठवर येते. हायवेला पूल येण्याआधी, किंवा मोठ्या ट्रकच्या आडोशातून बाहेर पडण्याआधी, वेग थोडा कमी करून दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवते, पण घट्ट आवळत नाही. वारा ढकलतो तेव्हा छोटी दुरुस्ती पुरते. पूर्वी मोठी करावी लागायची, कारण आर्म आणि टायर दोघंही उशिरा ऐकत होते.

राहिलेल्या कामांत मागचे शॉकअप आहेत. तेल गळत नाही, पण पुलाच्या जोडावरून गेलं की मागची बाजू एक जास्तीचा हेलकावा घेते. दोन्ही एकदम बदलणार आहे, एकच बदलणं योग्य नाही. आणि स्टेपनी अजून जुनी तेरा इंचीच आहे. पंक्चर झालं तर ती मागच्याच चाकाला लावून, सावकाश, जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जायचं एवढ्यापुरतीच ती ठीक आहे. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक पुढे घ्यावं लागेल, आणि भर पावसात रस्त्याच्या कडेला दोन चाकं काढत बसणं मला नको आहे. त्यामुळे शॉकअपच्या आधी चौदा इंची रिम आणि टायर घेईन.