ई-समन्स सेवा: पाचपैकी साडेतीन

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे याचा नवा कायदा, १ जुलै २०२४ला लागू झाली आणि फौजदारी समन्स मोबाइलवरही धाडता येऊ लागलं. कलम ६३प्रमाणे त्यावर कोर्टाच्या शिक्क्याची प्रतिमा किंवा डिजिटल सही हवी. खरी मेख कलम ६४च्या नोंदवहीत आहे: पत्ता, ई-मेल, फोन. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्याचं सिम बदललं, की नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर पोलिसाची पायपीट आलीच. म्हणून कोर्टाच्या लिपिकाने खटल्याच्या दर तारखेला नंबर पडताळावा, घरातला दुसराही लिहून घ्यावा. कलम ६६ मात्र झकास! माणूस सापडला नाही, तर घरातल्या सज्ञान बाईकडेही समन्स देता येतं. जुन्या कायद्यात पुरुषच लागे. नोकर अजूनही चालत नाही.