माश्पीची रात्रीची बेडूकफेरी, इक्वादोर

पावसाळ्यात बेडूक बघायला आंबोली गाठणाऱ्यांसाठी हे लिहितेय. इक्वादोरला जाणं झालंच, तर ही फेरी चुकवू नका.

माश्पी म्हणजे राजधानी क्विटोहून गाडीने तीनेक तास, अँडीजच्या पश्चिम उतारावरचं ढगांत बुडालेलं जंगल. इथला माश्पी काचबेडूक (पोटाची कातडी काचेसारखी पारदर्शक असलेला बेडूक) नवी जात म्हणून २०२२ साली नोंदला गेला. त्याच वेळी ग्वायाबांबा नदीच्या पलीकडे, तोइसान डोंगरात, दिसायला जवळजवळ तसाच पण जनुकांनी वेगळा दुसरा सापडला. अंतर जेमतेम वीस किलोमीटर!

अंधार पडला की गमबूट, रेनकोट आणि कपाळाला टॉर्च लावून ओढ्याकाठाने निघायचं. आमचा वाटाड्या पावलागणिक थांबून कान द्यायचा, मग नेमकं पान शोधायचा. पानाच्या खालच्या बाजूला भिजवलेल्या साबुदाण्यासारखा अंड्यांचा पुंजका आणि शेजारी राखणीला बसलेला नर. दोनच सेंटिमीटरचा जीव, पोपटी पाठीवर पिवळे ठिपके. अंडी फुटली की पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात, म्हणून जागा ओढ्यावरचीच. एक नर देठावर चढला, बाजूने उजेड पडला आणि छातीतलं लाल हृदय धडधडताना स्पष्ट दिसलं. याच कुळातल्या दुसऱ्या एका जातीत, दिवसा झोपताना बेडूक जवळजवळ नव्वद टक्के तांबड्या पेशी यकृतात दडवतो आणि आणखी पारदर्शक होतो, हे तिथेच उभ्या उभ्या कळलं.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की वाटाड्याने एकाही बेडकाला हात लावला नाही. पोट बघायचंय म्हटल्यावर त्याने फोनमधला फोटो पुढे केला. दुसऱ्या एका गावात मी वेगळ्या कंपनीबरोबर गेले होते. तिथे बेडूक उचलून हातोहात फिरवला आणि वर फ्लॅशचा मारा. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, आपल्या हाताचा घाम, क्रीम सगळं त्याच्या अंगात जातं. मला ते बघवेना. पैसे देण्याआधी ‘बेडूक हाताळता का?’ एवढं विचाराच. ‘हो’ म्हणाले तर दुसरीकडे जा.

खर्च बराच येतो, पण मला तो पटला. निसरड्या दगडांमुळे गुडघेदुखी असणाऱ्यांनी विचार करून जावं. डासांचं मलम हाताला लावू नका, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. आणि शक्य असेल तर मुक्काम एका रात्रीपेक्षा जास्त ठेवा, कारण कोरड्या रात्री बेडूक फारसे बोलत नाहीत.