खुनी कोण हे पहिल्याच पानावर सांगणाऱ्या कादंबऱ्या

अलीकडे वाचलेल्या रहस्यकादंबऱ्यांपैकी तीन अजून मनातून जायला तयार नाहीत. तिन्हींमध्ये खून कोण करतं, हे लेखक सुरुवातीलाच सांगून टाकतो. दोहोंत तर पहिल्याच वाक्यात. तरीही तिन्ही हातातून खाली ठेववत नाहीत. मी शाळेत गणित शिकवते, आणि मला ही रीत भूमितीतल्या प्रमेयासारखी वाटते. साध्य काय आहे ते वरच लिहिलेलं असतं, पण सगळी गंमत सिद्धतेत असते.

पहिली कादंबरी केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’. मूळ पुस्तक २००५ सालचं, त्याला जपानमधला मानाचा नाओकी पुरस्कार मिळाला. इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये आला. यासुको नावाची घटस्फोटित बाई जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात काम करते आणि मुलीला एकटीने वाढवते. छळणारा माजी नवरा एका संध्याकाळी घरी येतो आणि झटापटीत मायलेकींच्या हातून मारला जातो. भिंतीपलीकडे राहणारा इशिगामी हा गणिताचा शिक्षक दार वाजवतो आणि पुढचं सगळं आपल्या अंगावर घेतो. हे सगळं पहिल्या काही पानांतच घडतं. मग पोलीस येतात, त्यांच्याबरोबर युकावा नावाचा भौतिकशास्त्रज्ञ येतो, आणि तो निघतो इशिगामीचा कॉलेजातला मित्र.

इशिगामीबद्दल वाचताना मी फार हलले. विद्यापीठात ज्याच्या बुद्धीचा सगळ्यांना धाक होता, तो माणूस आता गणित नको असलेल्या मुलांच्या वर्गात फळ्यावर लिहीत उभा असतो. एक मुलगा विचारतो, हे कलन (कॅल्क्युलस) आमच्या काय उपयोगाचं? मुलाला मोटरसायकलींचं वेड आहे हे इशिगामीला माहीत असतं. तो शर्यतीतल्या गाडीचा बदलणारा वेग घेऊन त्याला विकलनाचा अर्थ समजावतो. हा प्रश्न मला दरवर्षी ऐकावा लागतो, आणि इतकं नेमकं उत्तर कादंबरीत वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. कोणताही नकाशा रंगवायला चार रंग पुरतात, असं सांगणाऱ्या चार रंगांच्या प्रमेयाचा उल्लेखही उगाच आलेला नाही. १९७६ साली ॲपेल आणि हाकेन यांनी संगणकाच्या मदतीने ते सिद्ध केलं, पण इशिगामीला ती सिद्धता सुंदर वाटत नाही. उत्तर बरोबर असणं त्याला पुरत नाही, मार्गही देखणा हवा. त्याने पोलिसांपुढे जे कोडं मांडलंय, ते समजायला त्याचा हा स्वभाव आधी कळावा लागतो. परीक्षेतले प्रश्न कसे काढतो हे तो सांगतो, तेव्हा तर लेखक सगळं आपल्यासमोर उघडं ठेवतो: भूमितीचं वाटावं असं उदाहरण, प्रत्यक्षात मात्र फलनाचं (फंक्शनचं).

मला सगळ्यात आवडलेली जागा याहूनही साधी आहे. इशिगामी सहज बोलून जातो की युकावा अजून तरुण दिसतो, डोक्यावर भरपूर केस आहेत. बस, एवढंच. ज्या मित्राने आयुष्यात कधी स्वतःच्या दिसण्याकडे पाहिलं नाही, तो आज असं का बोलला, हा विचार युकावाच्या मनात घर करतो. ना बोटांचे ठसे, ना रक्ताचा डाग. माणूस ओळखीचा असला की त्याचं एक वाक्यही पुरावा ठरू शकतं.

माझी तक्रार यासुकोबद्दल आहे. ज्या बाईसाठी एवढं सगळं चाललंय, ती स्वतः काय विचार करते हे फार उशिरा आणि फार थोडं कळतं. इशिगामीच्या भक्तीत तिच्यावर ताबा ठेवण्याचा एक अंशही आहे, तो लेखकाने अजून धीटपणे तपासायला हवा होता. शिवाय या गोष्टीत एक माणूस असा आहे ज्याच्यासाठी कोणीच रडत नाही. तो कोण ते इथे सांगणं अन्यायाचं होईल, पण पुस्तक संपल्यावर इशिगामीपेक्षा मी त्याचाच विचार जास्त केला. २०२३ चा ‘जाने जान’ हा हिंदी चित्रपट याच कादंबरीवरून केलेला आहे. तो पाहिला असला तरी पुस्तक वाचा. वर्गातली आणि गणिताची खरी मजा पुस्तकातच आहे.

दुसरी कादंबरी रूथ रेंडेल यांची ‘अ जजमेंट इन स्टोन’, १९७७ ची. पहिलं वाक्य सांगतं की युनिस पार्चमनने कव्हरडेल कुटुंबाला मारलं, कारण तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. कोण, कोणाला, का, तिन्हींची उत्तरं एका वाक्यात. मग उरतं काय? उरतं ते घर. श्रीमंत, सुशिक्षित, पुस्तकांनी भरलेलं, आणि त्यात उत्तम साफसफाई करणारी, कमी बोलणारी मोलकरीण. त्या घरात ओट्यावर ठेवलेली चिठ्ठीसुद्धा धोक्याची असते. वाचता येत नाही हे झाकायला युनिस नंबर नसलेल्या साध्या काचांचा चष्मा वापरते. चष्म्याची ही गोष्ट वाचताना माझ्या पोटात कालवलं. वर्गात ‘बाई, आज चष्मा घरी राहिला’ असं म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या काहींना खरी अडचण चष्म्याची नव्हती.

रेंडेल मधूनमधून पुढचं आधीच सांगतात. अमक्या वेळी घरातल्या कोणी एवढं केलं असतं तर टळलं असतं, अशा सुराने. त्यामुळे साधा चहाचा प्रसंगसुद्धा धडधडत्या छातीने वाचावा लागतो. घरातली मुलगी मेलिंडा अगदी मनापासून युनिसशी मैत्री करायला जाते आणि तिचं गुपित तिला कळतं, तो प्रसंग मला या पुस्तकातला सर्वांत भयंकर वाटला. मेलिंडा लगेच म्हणते, मी शिकवते तुला. चांगुलपणाने केलेली गोष्ट समोरच्याला अपमान वाटू शकते, हे इतक्या थंडपणे लिहिलेलं मी क्वचितच वाचलं आहे.

पण या पुस्तकाशी माझं भांडणही आहे. संस्कृती साक्षरतेवर उभी आहे आणि निरक्षर माणूस एक प्रकारे व्यंग असलेला आहे, असं निवेदक सुरुवातीलाच ठासून सांगतो. ज्यांना शाळा मिळाली नाही अशी उदंड माणसं प्रेमाने, शहाणपणाने जगतात. युनिसच्या दगडी मनाचं मूळ तिच्या एकटेपणात आणि सततच्या भीतीत आहे, आणि कादंबरीतले प्रसंग तेच दाखवतात. प्रसंग खरे बोलतात, निवेदक मात्र अतिरेक करतो. क्लोद शाब्रोल यांनी १९९५ मध्ये यावर ‘ला सेरेमोनी’ हा फ्रेंच चित्रपट केला.

तिसरी, फ्रान्सिस आइल्सची ‘मॅलिस अफोरथॉट’, १९३१ ची आहे, म्हणजे या दोन्हींच्या कितीतरी आधीची. आइल्स हे टोपणनाव. खरा लेखक अँथनी बर्कली कॉक्स, ‘डिटेक्शन क्लब’ हा रहस्यकथाकारांचा क्लब सुरू करणारा. एकाच खुनाची अनेक उत्तरं देणारी ‘द पॉयझन्ड चॉकलेट्स केस’ त्याचीच. कोडी रचण्यात असा मुरलेला माणूस इथे कोडंच बाजूला ठेवतो. डॉक्टर बिकली बायकोला मारायचं ठरवतो, हे पहिल्या वाक्यात येतं, आणि मग आपण त्याच्या डोक्यात राहतो. तो बुटका आहे, घरात त्याला किंमत नाही, आणि स्वप्नात तो मोठा शूर असतो. खुनानंतर त्याचा आत्मविश्वास कसा फुगत जातो, ते पाहण्यासारखं आहे. बायकांची वर्णनं त्याच्याच नजरेतून येतात म्हणून कडवट आहेत, मधला भाग रेंगाळतो, पण शेवटचं पान जबरदस्त आहे.

या तिघांनंतर मुद्दाम वेगळ्या जातीची एक वाचली. सेइशी योकोमिझोची ‘द होन्जिन मर्डर्स’ १९४६ मध्ये क्रमशः आली होती, आणि इंग्रजीत थेट २०१९ मध्ये. लग्नाच्या रात्री नवरा-नवरी बंद घरात मेलेले सापडतात, बाहेर बर्फ, बर्फात रोवलेली तलवार, रात्री ऐकू आलेले कोतो या तंतुवाद्याचे सूर. वातावरण अप्रतिम आहे. डोकं खाजवणारा, गबाळा, तरुण गुप्तहेर किंदाइची मला लगेच आवडला. खुनाची क्लृप्ती समजून घ्यायला मात्र कागदावर आकृती काढावी लागली, आणि आकृती जुळल्यावरही हे खरंच जमेल यावर विश्वास बसेना. क्लृप्तीपेक्षा मला खुपली ती नवरी, कात्सुको. ती शिक्षिका होती, स्वतःच्या पायावर उभी होती, पण तिच्याविषयी आपण ऐकतो ते बहुतेक इतरांच्या तोंडून. युनिसचा चष्मा मला अजून दिसतो, इशिगामीचा वर्गही दिसतो, कात्सुको मात्र डोळ्यांपुढे येत नाही. कोण आणि कसं हे शेवटपर्यंत लपवायचं म्हटलं की माणसंही झाकली जातात, निदान इथे तरी तसं झालं आहे. किंदाइचीसाठी याच लेखकाची ‘द इनुगामी कर्स’ वाचायला घेतली आहे. तिच्यातल्या बायकांना स्वतःचं बोलू दिलं असेल, तर योकोमिझोची बाकीची पुस्तकंही मिळवून वाचेन.