अँटिबॉडीचं पेटंट: दावा कामावर की क्रमावर?

जळगावच्या एका संशोधक मैत्रिणीचा पेच. केळीवरचा सीएमव्ही विषाणू ओळखणारी अँटिबॉडी तिच्याकडे आहे. पेटंटमधला दावा, म्हणजे हक्काची हद्द, ‘विषाणूच्या अमुक भागाला चिकटणारी कुठलीही’ असा कामावरून मांडायचा, की अँटिबॉडी ज्यांची बनते त्या अमिनो आम्लांचा थेट क्रम द्यायचा? वकील म्हणतो, रुंद मागा. त्याचं काय जातं!

व्याप्तीत कामाचा दावा सरस, वाद नाही. क्रमाच्या दाव्यातून प्रतिस्पर्धी दोन-चार अमिनो आम्लं बदलून निसटू शकतो.

टिकण्याचं मात्र वेगळं. अ‍ॅमजेन या अमेरिकन औषध कंपनीने कोलेस्टेरॉलशी निगडित पीसीएसके९ प्रथिनावर ठरावीक जागी चिकटून त्याचं काम रोखणाऱ्या सगळ्याच अँटिबॉडींवर हक्क सांगितला. क्रम दिले होते 26 अँटिबॉडींचे. प्रतिस्पर्धी सानोफी कंपनीशी वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2023 मध्ये एकमताने ते दावे अवैध ठरले. जेवढं मागता तेवढं इतरांना बनवता येईल असं सांगा, नुसती ‘करून बघा’ची वाट दाखवू नका, असा न्यायालयाचा रोख. रावेरात चार खोडं लावून अख्ख्या शिवाराचा सातबारा मागण्यातला प्रकार. आपल्या पेटंट कायद्याचं कलम 10(4) सुद्धा पूर्ण वर्णन मागतंच.

कुणी नक्कल केली तर पुराव्याचा खर्च? क्रम ताडून पाहता येतो. चिकटण्याची जागा सिद्ध करायला प्रयोग आणि तज्ज्ञ लागतात.

एकच अँटिबॉडी, छोटी प्रयोगशाळा, किट विकायचा किंवा परवाना द्यायचा असेल तर क्रमच, निदान सहाही सीडीआर, म्हणजे अँटिबॉडीचे लक्ष्याला चिकटणारे तुकडे, नोंदवून. हाताशी भिन्न क्रमांच्या बऱ्याच अँटिबॉडी आणि कोर्टकचेरीचा पैसा असेल, तर कामाचा दावा जोडीला ठेवावा.