लॅपटॉपचं वाय-फाय बदलायचंय: डोंगल लावावा की आतलं कार्ड बदलावं?

लॅपटॉप बाकी सगळ्या बाबतीत धडधाकट आहे, पण वाय-फाय मात्र जीव टाकतंय, अशी वेळ आली की समोर दोनच वाटा दिसतात. एक, यूएसबीला डोंगल, म्हणजे बाहेरून खोचायचं छोटं वाय-फाय उपकरण, लावायचा. दुसरी, मागचं झाकण उघडून आतलं कार्डच बदलायचं. मी दोन्ही वाटांनी जाऊन आलोय. आधी नखाएवढा डोंगल घेतला, मग मोठ्या अँटेनाचा, आणि शेवटी कार्ड. ज्यांचा निर्णय अजून व्हायचाय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझ्या लॅपटॉपमध्ये मुळात एकाच अँटेनाचं, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारं कार्ड होतं. रॅम वाढवली, एसएसडी टाकली, मशीन नव्यासारखं पळायला लागलं, पण संध्याकाळ झाली की व्हिडिओ कॉल अडखळायचा. कारण उघड होतं. २.४च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन, १, ६ आणि ११, आणि आसपासच्या घरांतले सगळे राउटर त्या तिघांतच दाटीवाटीनं बसलेले. म्हणजे ५ गिगाहर्ट्झवर जाणं भागच होतं. प्रश्न फक्त कसं जायचं याचा होता.

नखाएवढ्या डोंगलबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात फार सांगण्यासारखं नाही. लावायला सोपा, लावला की विसरून जायचं. पण त्यातली अँटेना म्हणजे सर्किटवरची एक छोटीशी रेघ, तीही लॅपटॉपच्या अंगाला चिकटलेली. राउटर असलेल्या खोलीत छान चालायचा. मधे दोन भिंती आल्या की ५ गिगाहर्ट्झ सोडून गुपचूप २.४वर उतरायचा, म्हणजे जिथून निघालो तिथेच परत. शिवाय दोन-तीन तास सलग वापरल्यावर काढायला गेलं की बोटांना चांगलाच गरम लागायचा. खोक्यावरच्या आकड्यालाही भुलू नका. तिथे छापलेलं एसी ६०० म्हणजे एका बँडचे, म्हणजे २.४च्या पट्ट्याचे, सेकंदाला १५० मेगाबिट आणि दुसऱ्याचे, म्हणजे ५च्या पट्ट्याचे, ४३३ एकत्र करून वर ओढलेला आकडा. लॅपटॉप एका वेळी एकाच बँडवर जोडलेला असतो, त्यामुळे ही बेरीज आपल्या हाताला कधीच लागत नाही. एसी १२००चंही तेच, ३०० अधिक ८६७. आणि डोंगल यूएसबी २.० असेल तर ते ८६७सुद्धा कागदावरच राहतात, कारण त्या पोर्टचीच मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट आहे आणि प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी पदरात पडतं.

मोठ्या अँटेनाच्या डोंगलचं मात्र मनापासून कौतुक करायला हवं. दोन घडीच्या अँटेना, यूएसबी ३.०. घराच्या ज्या कोपऱ्यात आधी नेटवर्कचं नावही दिसत नव्हतं तिथे बसून मी तासभराचा कॉल न तुटता केलाय. मी मोजमापं घेतली नाहीत, पण निव्वळ पल्ल्याचा विचार केला तर आत्ताच्या कार्डापेक्षाही तो थोडा सरसच वाटतो. अँटेना उभी-आडवी फिरवता येते, केबल लावून डोंगल लॅपटॉपपासून दूर ठेवता येतो, याचा फायदा होतोच.

त्या केबलचं महत्त्व मला उशिरा कळलं. शेजारच्या पोर्टला बाहेरची हार्ड डिस्क लावली की माझा ब्लूटूथ माउस अडखळायला लागायचा, आणि डोंगल २.४वर असेल तर तोही ढेपाळायचा. मला वाटलं माउस गेला. खरं कारण वेगळं आहे. यूएसबी ३.०ची जोडणी चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करते, आणि इंटेलनं २०१२ सालीच यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलंय. उपाय साधा आहे: डोंगल वीतभर तरी लांब ठेवायचा, आणि शक्यतो ५ गिगाहर्ट्झवरच. पण मग लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचं आणि बाजूला केबलला लोंबणारा डोंगल सांभाळायचा, असा संसार होतो.

तेही मी चालवून घेतलं असतं. नाही चालवून घेता आलं ते पुढचं.

माझं काम शिकवण्याचं. दिवसातून सात-आठ वेळा लॅपटॉपचं झाकण बंद होतं आणि उघडतं. झाकण उघडलं, पासवर्ड टाकला, आणि उजव्या कोपऱ्यात वाय-फायच्या खुणेऐवजी नुसता पृथ्वीचा गोल. डोंगलवरचा निळा दिवा विझलेला. मग तो उपटायचा, मनात पाचपर्यंत मोजायचं, परत खोचायचा, आवाज झाला की नाही ते ऐकायचं, नेटवर्क सापडेपर्यंत थांबायचं. दर वेळी व्हायचं असंही नाही. तीनदा नीट जागा व्हायचा, चौथ्यांदा नाही. त्यामुळे भरवसाच ठेवता येईना. एकदा वर्ग सुरू व्हायच्या ऐन मिनिटाला हे झालं. एकदा काढून घातला तरी दिवा लागेना, शेवटी लॅपटॉप रीस्टार्ट केला, आणि तोवर मुलं रिकाम्या पडद्यासमोर बसून राहिली होती. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. नेट कुणाचंही जातं, पण इथे नेट उत्तम होतं, राउटर उत्तम होता, फक्त माझ्या हातातली वस्तू झोपेतून उठत नव्हती.

उपाय करायचे तेवढे केले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची मुभा काढून घेतली. पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड, म्हणजे वापरात नसलेलं यूएसबी उपकरण झोपवणारी सोय, बंद केलं. ड्रायव्हर, म्हणजे डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर, नवा टाकला, मग जुना टाकून पाहिला. पोर्ट बदलला. त्रास कमी झाला, पण गेला नाही. होतं असं की झोपेत पोर्टची वीज तुटली की जागं झाल्यावर लॅपटॉपला डोंगल नव्यानं ओळखावा लागतो, ड्रायव्हरला त्याच्या चिपमध्ये फर्मवेअर (चिपचं स्वतःचं सॉफ्टवेअर) पुन्हा भरावं लागतं, आणि मग कुठे नेटवर्क जोडलं जातं. या साखळीत ड्रायव्हर कुठेही अडखळला की सगळं तिथेच थांबतं. कदाचित तुमच्या लॅपटॉपवर हे होणारही नाही. माझ्या ओळखीत दोघांचे डोंगल वर्षानुवर्षं बिनतक्रार चालू आहेत. माझ्याकडे मात्र रोजच्या उपटाउपटीनं तो पोर्टच ढिला झाला, आणि तेव्हा मी झाकण उघडायचं ठरवलं.

कार्ड घेण्याआधी मात्र चार गोष्टी पाहाच. ही वाट जास्त चांगली असली तरी सगळ्यांना खुली नाही. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये वाय-फायची चिप मदरबोर्डवरच डाखलेली असते, तिथे विषयच संपला. सॉकेट असेल तर ते कुठलं? फार जुन्या मशीनमध्ये मिनी पीसीआय एक्स्प्रेस, अलीकडच्यांत एम.२, २२३० मापाचं. मग येतो सगळ्यात फसवा भाग. इंटेलची एएक्स २०० आणि एएक्स २१० ही कार्डं साध्या पीसीआय एक्स्प्रेसवर चालतात. एएक्स २०१ आणि एएक्स २११ दिसायला अगदी तशीच, पण त्यांचं निम्मं काम प्रोसेसरच्या बाजूला होतं, त्यामुळे ती इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांसोबतच चालतात. शेवटचा आकडा नीट वाचला नाही तर आणलेलं कार्ड परत करायची वेळ येते. चौथी गोष्ट, काही जुन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, मान्य कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की मशीन सुरूच होत नाही. आपल्या मॉडेलबद्दल हे आधीच शोधून ठेवा.

मी एएक्स २१० घेतलं. ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवला. तो राहून गेला असेल तर फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला देण्याची सोय, सुरू करा. अँड्रॉइड फोन स्वतःचं वाय-फायही त्यातून पुढे देतो, एवढ्यावर काम भागतं. बॅटरीची पिन काढली, एकच स्क्रू सोडवला, कार्ड तिरकं वर आलं. अवघड आहे ते फक्त अँटेनाच्या तारांचं. एक काळी, एक पांढरी, टोकाला मोहरीएवढं टोपण. ते कार्डावरच्या पिनेवर अगदी मधोमध टेकवून नखानं सरळ दाबायचं, बारीकसा टक् असा स्पर्श बोटाला कळतो. तिरकं दाबलं तर टोपण चेपतं. या जोडण्या तीसेक वेळा काढ-घाल करण्यापुरत्याच बनवलेल्या असतात, म्हणून उगाच चाळा नको. माझी पांढरी तार पहिल्यांदा नीट बसली नव्हती. शेजारच्या खोलीतही सिग्नल अर्धाच दिसत होता. परत उघडून दाबली आणि रेघा भरल्या. माझ्या जुन्या कार्डाला एकच अँटेना लागायची, पण दुसरी तार झाकणातून आलेली होती आणि टेपखाली मोकळी पडली होती. तुमच्याकडे ती नसेल तर निम्मा फायदा जाईल, तेही पाहून घ्या.

वेगाचं विचाराल तर पूर्वी संध्याकाळी अडखळणारा कॉल आता अडखळत नाही, मोठ्या फायली चढवताना घड्याळाकडे पाहावं लागत नाही, आणि नवं ब्लूटूथ आयतंच मिळालं. दूरच्या कोपऱ्यात मोठा डोंगल थोडा पुढे होता हे खरं. ६ गिगाहर्ट्झसाठी म्हणून हे कार्ड घेत असाल तर जरा थांबा: त्याला राउटर तसा लागतो, विंडोज ११ लागतं आणि तो पट्टा आपल्या देशात खुला असावा लागतो. माझ्या लेखी खरी गोष्ट एवढीच की झाकण उघडतो, पासवर्ड टाकून होईपर्यंत वाय-फायची खूण आलेली असते. जवळजवळ वर्ष होत आलं, एकदाही हात लावावा लागला नाही.

लिनक्स वापरणाऱ्यांनी तर फार विचार न करता कार्डच घ्यावं. एएक्स २१०चा आधार कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१०पासून आहे. माझ्या डोंगलचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नव्हता, दर अपडेटनंतर तो पुन्हा कंपाइल करावा लागे. तिथे डोंगलच हवा असेल तर खोक्यावरचं नाव न पाहता आतली चिप पाहा. मीडियाटेकची एमटी ७६१२यू कर्नल ४.१९पासून आपोआप ओळखली जाते.

वॉरंटी चालू असेल, लॅपटॉप कचेरीचा असेल, चिप डाखलेली असेल किंवा राउटर खूपच दूर असेल तर अँटेनावाला डोंगल घ्या, सोबत छोटी केबल घ्या, आणि परत करायची मुदत संपायच्या आत झाकण वीसेक वेळा उघड-बंद करून पाहा. मी माझा टाकून दिला नाही. आतल्या खोलीतल्या डेस्कटॉपला लावलाय. ते मशीन मी कधी स्लीपला टाकत नाही, सरळ बंद करतो, आणि तिथे तो आजवर एकदाही अडला नाही.