स्नॅपरसाठी रील कुठलं घ्यावं: सॉफ्टबेट, स्ट्रेलाइन की स्लो जिग?

ऑकलंडला येऊन दोन-तीन वर्षं झाली, घर-गाडी मार्गी लागली, की आपल्यातल्या कोकणातल्या माणसाला एक दिवस गरवायला जायची हुक्की येते आणि तो सरळ फिशिंगच्या दुकानात जाऊन उभा राहतो. समोर भिंतभर रीलं, 1000 पासून 20000 पर्यंत नंबर, आणि हा बिचारा गावाकडे बाटलीला तंगूस गुंडाळून मासे काढलेला माणूस, त्याला यातलं काय कळणार! मी पण असाच गेलो होतो आणि मोठा मासा म्हणजे मोठं रील असा सरळ हिशोब लावून 8000 साइजचं धूड उचलून आणलं. पहिल्याच दिवशी मित्राच्या बोटीवरून दोन तास सॉफ्टबेट (रबरी आमिष) फेकत होतो, घरी आल्यावर चहाचा कप धरवेना. मासा? एक. तोही मापात न बसणारा, परत सोडला.

म्हणून सध्या जो तो मला "एकच रील घ्यायचंय, कुठलं घेऊ" असं विचारतोय त्याला माझं उलट विचारणं असतं, तू गरवणार कसा? वाहत्या बोटीवरून, नांगर टाकून, की खडपावर उभा राहून? ते ठरलं की रील आपोआप ठरतं, नाहीतर माझ्यासारखं होतं.

आधी माशाबद्दल थोडं. इथला स्नॅपर म्हणजे आपली तांबोशी नाही बरं का, नाव तेच असलं तरी घराणं वेगळं, हा ब्रीमच्या कुळातला, माओरीत तामुरे म्हणतात. गुलाबी अंग, त्यावर निळे ठिपके, आणि शिंपले फोडून खाणारे भक्कम दात, बोट घालू नका तोंडात. वाढतो अगदी सावकाश, जगतो साठ-साठ वर्षं. आपल्याला रोज मिळणारे एक-दोन किलोचे, आणि वीस पाउंडी म्हणजे नऊ किलोच्या वर निघाला तर माणूस दहा वर्षं तोच फोटो दाखवत फिरतो. रीलच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की हा लागला की पहिली धाव जोरात मारतो आणि मग डोकं हलवत धक्के देतो, धपधप, रॉडच्या टोकाला स्पष्ट दिसतं. त्यामुळे याला क्रेनसारखी ताकद लागत नाही, ड्रॅग मात्र (मासा ओढतो तेव्हा लाइन ताणाखाली सुटू देणारा रीलमधला ब्रेक) लोण्यासारखा सुटायला हवा. अडकत अडकत सुटणारा ड्रॅग असला की त्या धक्क्यांमध्ये एकतर गळ निसटतो नाहीतर लाइन तुटते.

आता तिन्ही प्रकार.

सॉफ्टबेट म्हणजे रबरी मासा, साधारण पाच ते सात इंच, डोक्यात शिशाचा गोळा असलेल्या गळावर चढवलेला. बोट बंद करून वाऱ्या-पाण्यावर वाहू द्यायची, आणि बोट ज्या दिशेला वाहत चाललीय त्याच दिशेला पुढे फेकायचं. नवीन माणूस हमखास मागच्या बाजूला फेकतो आणि मग शिसं तळाला जातच नाही, बोटीमागे पतंगासारखं ओढत राहतं. पुढे फेकलं की बोट जवळ येईपर्यंत ते निवांत खाली उतरतं, आणि अर्ध्याहून जास्त मासे या उतरतानाच घेतात. पाण्यावर लाइनीचा जो सैल पोट काढलेला भाग असतो ना, त्याच्याकडे बघत राहायचं, तो मधेच टुचकन हलला की झटका मारायचा. याला 2500 ते 4000 साइजचं स्पिनिंग रील (रॉडच्या खाली लटकणारं, नेहमीचं), सात फुटी हलका रॉड, 10 ते 15 पाउंडची (एवढ्या ओढीला तुटणारी) ब्रेडेड म्हणजे विणलेली लाइन आणि पुढे दीड-दोन वाव 20 पाउंडचा फ्लुरोकार्बन लीडर (गळाजवळचा पारदर्शक दोरा). दहा मीटर पाण्यात 7 ते 10 ग्रॅमचं डोकं पुरतं, तीस मीटरला आणि वारा असेल तर 28 लागतं. दिवसाला दोन-तीनशे वेळा फेकायचं असतं, म्हणून इथे वजन हा सगळ्यात मोठा मुद्दा. माझं 8000 वालं या 4000 च्या दुपटीहून जड आहे, हाताने ते लगेच सांगितलं.

स्ट्रेलाइन हा आपल्या लोकांच्या रक्तातला प्रकार. खडपाजवळ नांगर टाकायचा, मागे जाळीच्या पिशवीत बर्ली सोडायची (कुस्करून गोठवलेल्या माशांची वीट, वास विचारू नका, बायकोने आमची वेगळ्या फ्रीजरवर बोळवण केलीय), आणि त्या वासाच्या वाटेवर अख्खा नाहीतर अर्धा पिलचर्ड सोडायचा. पिलचर्ड म्हणजे आपल्या तारलीचा भाऊ. माकूळ पण चालतो आणि गळाला जास्त वेळ टिकतो. शिसं शक्य तितकं कमी, जवळजवळ नाहीच, म्हणजे आमिष आपोआप मेल्यासारखं वाहत खाली जातं. इथे लागतं बेटरनर रील, 4000 ते 8000 मधलं. याला मागे एक वेगळी खिटी असते, ती लावली की लाइन जवळपास मोकळी सुटते, मासा आमिष उचलून पळाला तरी त्याला ताण जाणवत नाही, रॉड होल्डरमध्ये ठेवून तुम्ही थर्मासमधला चहा ओता. मग रील किर्र वाजायला लागतं, रॉड उचलायचा, हँडल एक फिरवायचं, खिटी सुटते आणि मुख्य ड्रॅग लागतो. तो किर्र आवाज ज्याने एकदा ऐकलाय त्याला मी पुढे काही सांगायची गरज नाही.

लाइन मात्र इथे मी साधा नायलॉन, आपला तंगूसच, 20 पाउंडचा भरतो. ब्रेडेड खडपावर घासली की गेली, आणि ती अजिबात ताणली जात नाही. नायलॉन ताणला जातो म्हणून माशाचा झटका थोडा पचवतो. सॉफ्टबेटला नेमकं उलटं, तिथे नायलॉन भरला तर तीस मीटरवरची टुचकी हातापर्यंत येतच नाही.

तिसरा स्लो जिग. रंगीत गोळा, त्याला रबरी झालरी आणि दोन बारीक गळ, काबुरा नाहीतर इंचिकू नावाने मिळतात, मूळ जपानी, तिकडे याच्याच जवळच्या नातेवाइकाला, ताई म्हणतात त्या माशाला, धरायला बनवलेले. तळाला सोडायचं, टेकलं की लगेच एका लयीत सावकाश पाच-दहा मीटर गुंडाळायचं, परत सोडायचं. बास. आणि मासा टकटक करायला लागला की झटका मारायचा नाही! नुसतं तसंच गुंडाळत राहायचं, रॉड आपण होऊन वाकेपर्यंत. हे शिकायला मला एक अख्खा सीझन गेला, कारण हात ऐकत नाही, लहानपणापासून झटका द्यायची सवय. याला लहान ओव्हरहेड रील (रॉडच्या वर बसणारं) चांगलं, कारण अंगठ्याने बटण दाबलं की जिग पडते, अंगठ्यानेच थांबते, शंभर वेळा सोडायचं तर फार सोयीचं. पण तो अंगठा स्पूलवरून (लाइन गुंडाळलेल्या फिरकीवरून) सुटला की असा गुंता होतो की अर्धा तास नखाने सोडवत बसा. स्पिनिंग रीलवर पण स्लो जिग चालते, दर वेळी बेल (लाइन अडवणारी तारेची कडी) उघडा-बंद करायचा वैताग, एवढंच.

दुकानदार बेअरिंगचा आकडा सांगतो, 6 आहेत, 10 आहेत. तो सोडून द्या. दुकानात असतानाच रील रॉडवर लावून बघा, ड्रॅग निम्मा आवळा आणि लाइन हाताने हळू ओढा, सुरुवातीला अडून मग सुटतंय का ते पाहा. दुसरं, खारं पाणी आत जाऊ नये म्हणून सील आहे का. दीड-दोनशे डॉलरच्या आसपास या दोन्ही गोष्टी ठीकठाक मिळतात, त्याच्या वर तुम्ही मुख्यतः हलकेपणाचे पैसे देता. ओव्हरहेडमध्ये मात्र स्वस्तात घेतलेलं मला एकही टिकलेलं आठवत नाही.

ड्रॅग किती आवळायचा हा प्रश्न सगळे डोळे मिटून सोडवतात. इंडियाला जाताना बॅगा मोजायला आणलेला हुकवाला काटा असेलच घरात, लाइन त्याला बांधा, रॉड वाकवून ओढा. 15 पाउंडची लाइन म्हणजे जेमतेम सात किलो, तर काट्यावर दोनच्या आसपास ड्रॅग सुटला पाहिजे, पाव ते तिसरा हिस्सा. मी मागच्या नोव्हेंबरात मोतुइहे बेटाजवळच्या खाडीपट्टीत अंदाजाने आवळला होता, एक चांगला लागला, पहिल्याच धावेत फट्. त्या संध्याकाळी काटा काढला तर साडेचार दाखवत होता.

कुठला प्रकार कधी, तर हौराकी गल्फमध्ये, म्हणजे ऑकलंडसमोरच्या आखातात, वसंतात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून, पाणी 18 डिग्रीच्या आसपास आलं की मासे अंडी घालायला थव्याने येतात. तेव्हा बाहेरच्या चाळीस-पन्नास मीटर पाण्यात गॅनेट पक्षी बाणासारखे कोसळताना दिसले, खाली डॉल्फिन असले, की स्लो जिगसारखी मजा नाही. उन्हाळ्यात आतल्या उथळ पाण्यात, रंगितोतो बेटाच्या आसपास, सॉफ्टबेट. थंडीत मासा कमी पण थोराड, तो खडपात लपून असतो, तिथे पहाटे किंवा अंधार पडता पडता स्ट्रेलाइन. पाणी वाहतं हवं. भांगाच्या दिवसांत पाणी सुस्त असतं तेव्हा सॉफ्टबेटवाले जांभया देतात, आणि उधाणाला इतकं ओढतं की हलकं आमिष कुठल्या कुठे जातं, हे कोकणातल्या माणसाला मी काय सांगणार.

मागच्या वर्षी देवगडहून वडील आले होते. समुद्रातल्या गरवण्याला इथे लायसन लागत नाही, पाहुण्यालाही नाही, म्हणून घेऊन गेलो. मी त्यांना ओव्हरहेडवर स्लो जिग दिली, कारण तेव्हा मला तेच सगळ्यात भारी वाटत होतं. दहा मिनिटांत त्यांनी ते माझ्याकडे परत दिलं आणि बेटरनर घेतलं, पण वापरलं कसं, तर रॉड खाली ठेवून लाइन सरळ तर्जनीवर घेतली आणि डोळे मिटून बसले. मासा फुंकर मारतो तेव्हाच बोटाला कळतं म्हणाले. चार काढले. मी दोन. तेव्हापासून मी पण सॉफ्टबेट खाली उतरताना लाइन एका बोटावर धरतो, आणि खरंच, डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला कळतं.

नियम एका दमात: गल्फच्या या पूर्वेच्या पट्ट्यात माणशी दिवसाला 7 आणि किमान 30 सेंटिमीटर, नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत. पश्चिम किनाऱ्याचे आकडे वेगळे, निघायच्या आधी फोनवर बघून घ्या. गोट आयलंडसारख्या राखीव पाण्यात गळ टाकायचाच नाही. विकायचा तर बिलकुल नाही, शेजाऱ्याला दिलेलं चालतं. छोटा सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, आणि छोटे लागूच नयेत म्हणून स्ट्रेलाइनला गळ मोठा ठेवा, 5/0, 6/0. लहान गळ पोटात जातो, मग सोडून उपयोग काय.

तर निवड. तुम्ही एकटे किंवा मित्राबरोबर, कयाकवर नाहीतर छोट्या बोटीवर, आणि हाताला सतत काहीतरी चाळा हवा असेल, तर 4000 चं स्पिनिंग, दुसरा विचार नको. त्यावर सॉफ्टबेट होतं, वेळप्रसंगी जिग होते, धक्क्यावरून हलकं आमिष पण टाकता येतं. बायको-पोरं, आईवडील घेऊन जाणार असाल, किंवा जास्त करून खडपावरूनच, तर बेटरनर, कारण मुलांना रॉड हातात धरून तीन तास उभं करणं अशक्य, आणि ते रील वाजलं की जो धावत सुटतो त्याचा मासा, हा आमच्या घरचा नियम. ओव्हरहेड तिसरं. ते पहिलं घेणाऱ्याची मला कीव येते, मी स्वतः ते तिसरंच घेतलं आणि अजून पूर्ण वसूल झालेलं नाही. आणि दोन्ही कामांना एकच म्हणून मधलं 6000 घेऊ का असं विचारणाऱ्यांना, नको. फेकायला जड, आणि सॉफ्टबेटची बारीक लाइन त्याच्यावर भरायची तर आधी खाली ढीगभर नायलॉन गुंडाळा.

तरी कुणाला फक्त करून बघायचं असेल तर माझं ते 8000 वालं बेटरनर गॅरेजमध्येच आहे, स्ट्रेलाइनला अजून झकास चालतं, घेऊन जा. फक्त परत देताना ड्रॅग आवळून गोड्या पाण्याने हलकं धुवा, जोराचा फवारा मारू नका, वाळवा, मग ड्रॅग सैल करा. आणि डोकी टाकून देणार असाल तर तीही माझ्याकडे आणून द्या, स्नॅपरच्या डोक्याचं कालवण आमच्याकडे तुकडीच्या आधी संपतं.