थाळीफेकीसाठी डी-वन की डी-थ्री? अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी

मुलगा हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, थाळी १५० फूट टाकतो, आणि घरात रोज तोच वाद: डी-वनच्या मागे लागायचं की डी-थ्रीच्या? (एनसीएए ही अमेरिकन कॉलेज खेळांची संघटना; डी-वन, डी-टू आणि डी-थ्री या तिच्या तीन श्रेणी, डी-वन सर्वांत वरची.)

आधी वजनाचं बघा. हायस्कूलमधली मुलं १.६ किलोची थाळी फेकतात, कॉलेजात ती २ किलोची होते. म्हणजे तुमचे १५० फूट कोचच्या डोक्यात लगेच काही मीटर आखूड होतात. मुलींची थाळी दोन्हीकडे १ किलोचीच, त्यामुळे मुलीचं आजचं अंतर आहे तसंच धरलं जातं.

डी-वनमध्ये चुरस फक्त आपल्या राज्यापुरती नसते. जागतिक विक्रम करणारा मिकोलास अलेक्ना लिथुआनियाहून कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात आला. २०२४ चा ऑलिंपिक विजेता रोजे स्टोना जमैकाचा, तोही अमेरिकन कॉलेजांतूनच घडला. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे म्हैसूरला जन्मलेला, मेरीलँडमध्ये वाढलेला विकास गौडा. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून त्याने २००६ मध्ये एनसीएएची थाळीफेक जिंकली. पण विकाससारखे किती?

त्यात २०२५-२६ पासून नियम बदललेत. खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या न्यायालयीन तडजोडीत जी कॉलेजं सामील झाली, तिथे ॲथलेटिक्सच्या संघात मुलांचे ४५ आणि मुलींचे ४५ अशी मर्यादा आली. धावणारे, उडी मारणारे, फेकणारे, सगळे त्यातच. ‘स्कॉलरशिप नको, फक्त संघात घ्या’ म्हणणाऱ्यांना पूर्वी मिळायची ती जागा आता आकसली आहे. (हार्वर्ड, येल वगैरेंची आयव्ही लीग यात नाही. ती डी-वन असली तरी खेळाची स्कॉलरशिप तिथे देत नाहीत.)

डी-थ्रीत खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही. हे ऐकून अर्धे पालक तिथेच थांबतात, आणि माझ्या मते तिथेच चुकतात. एमआयटी, विल्यम्स, कार्नेगी मेलन ही सगळी डी-थ्री. उत्पन्नावर आधारित मदत मिळू शकते. शिवाय बऱ्याच ठिकाणी कोच मुलाचे मार्क आधीच अ‍ॅडमिशन ऑफिसला दाखवून ‘हा बसतो का’ विचारतो. विल्यम्ससारख्या ठिकाणी त्याच्या शब्दाला वजन असतं. एमआयटीत मात्र फारसं नाही, तिथे अभ्यासावरच जावं लागतं. अभ्यासात उत्तम आणि थाळीत चांगला पण अफाट नाही, अशा मुलाला थाळी अ‍ॅडमिशनसाठी जितकी कामी येते तितकी फीसाठी येत नाही.

डी-टू आणि एनएआयए (लहान कॉलेजांची वेगळी संघटना) मधले. तिथे स्कॉलरशिप असते, पण ती संघात वाटली जाते, त्यामुळे पूर्ण फी क्वचितच सुटते. मार्क कमी असतील किंवा मुलगा उशिरा बहरला असेल, तर हायस्कूलनंतरचं दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज (आपल्या अकरावी-बारावीचं नव्हे).

नेमकं कुठे बसतो हे कसं कळणार? कॉलेजच्या लीगचे निकाल इंटरनेटवर असतात. थाळीफेकीत आठवा आलेल्याचं अंतर बघा. अशा स्पर्धांत सहसा पहिल्या आठांनाच गुण मिळतात, आणि कोच तेच गुण मोजत असतो. मूल त्या अंतराच्या जवळपास असेल तर कोच उत्तर देतो, नसेल तर ईमेल पडून राहतो. ईमेल मुख्य कोचला नको, फेकीच्या कोचला, आणि पालकांनी नाही, मुलाने स्वतः लिहायचा. डी-वनचे कोच सहसा हायस्कूलचं दुसरं वर्ष संपल्यावर १५ जूनपासूनच मुलांशी बोलू शकतात. त्याआधी उत्तर आलं नाही म्हणून हिरमुसू नये.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हिवाळ्यातल्या इनडोअर स्पर्धांत थाळीफेक नसतेच. तिथे गोळा आणि वेट थ्रो (मूठ लावलेलं जड वजन फेकणं). बाहेर हातोडाही असतो, आणि तो बहुतेक राज्यांत हायस्कूलमध्ये नसल्याने कोच तो शिकू शकेल असं मूल शोधत असतात. नुसती थाळी टाकणारा हिवाळाभर बाकावर. तेव्हा व्हिडिओ पाठवताना गोळ्याचीही एक फेक जोडा. मुलगा असेल तर त्याआधी २ किलोची थाळी विकत घ्या, महिनाभर फेकू द्या, आणि ईमेलमध्ये तेही अंतर लिहायला सांगा.